जॉन ग्रँट ऐकणारं कुणी आहे का इथे?

कातरवेळ

संगीत विभागात पाश्चात्त्य गाण्यांचे धागे निघतात ते बीटल्सपासून सुरू होऊन पिंक फ्लॉइडवर संपतात. त्यामुळे हा धागा लवकरच मागच्या पानांवर घसरेल याची तयारी ठेवूनच टंकतोय. (अ‍ॅडमिन, विभाग चुकला असेल तर हलवा.)

गाण्यात रडणारे गायक पुष्कळ आहेत. रडता रडता स्वतःचीच टर उडवणारा, आणि तरी ऐकणाऱ्याच्या घशात आवंढा आणणारा माझ्या ऐकण्यात एकच आला, जॉन ग्रँट.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९६८, अमेरिकेत मिशिगन राज्यात. बालपण तिथल्याच ब्यूकॅनन या छोट्या गावात. पुढे घरच्यांनी बिऱ्हाड कोलोरॅडोत पार्करला हलवलं. घर कडक धार्मिक. शाळेत छळ, चर्चमध्ये नरकाची भीती, आणि या दोन्हींबद्दल घरी बोलायची सोय नाही. भाषांची ओढ म्हणून जर्मनीत शिकायला गेला. जर्मन आणि रशियन त्याला उत्तम येतात. परत येऊन १९९४ मध्ये डेन्व्हरला 'द झार्स' नावाचा बँड काढला. 'कॉक्टो ट्विन्स' या बँडचा बासवादक सायमन रेमंड याच्या 'बेला युनियन' या लंडनच्या कंपनीनं त्यांचे अल्बम काढले. समीक्षकांनी वाखाणलं, लोकांनी विकत घेतलं नाही. दरम्यान दारू आणि कोकेन. ती सुटेपर्यंत बँडही सुटला. मग न्यूयॉर्कमध्ये वेटरचं काम आणि गाणं सोडल्यात जमा.

टेक्सासमधल्या डेंटन गावच्या 'मिडलेक' या बँडनं त्याला आपल्या स्टुडिओत बोलावून घेतलं आणि स्वतःच त्याच्यामागे वाजवलं. त्यातून २०१० मध्ये 'क्वीन ऑफ डेन्मार्क' आला. चाळिशी उलटल्यावर पहिला एकल अल्बम! 'मोजो' मासिकानं तो त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम ठरवला.

आता मुद्द्याचं. यातल्या चाली कानाला इतक्या गोड आहेत की सत्तरच्या दशकातल्या कार्पेंटर्स भावंडांच्या रेकॉर्डवरून उतरल्यात असं वाटावं. बासरी, ॲकॉस्टिक गिटार, पियानो, आणि त्यावर खर्जातला, लोण्यासारखा आवाज. कुणी स्वयंपाक करताना लावला तर शब्दांकडे लक्ष जाणारच नाही. शब्दांकडे लक्ष गेलं की मात्र भाजी करपते. शीर्षकगीताच्या सुरुवातीलाच त्याला जग बदलायचं असतं आणि साधी अंतर्वस्त्रंही बदलणं जमत नसतं. 'सिगर्नी वीव्हर'मध्ये परक्या ठिकाणी येऊन पडलेल्या पोराची धास्ती आहे, आणि ती सांगायला त्याला परग्रहावरच्या प्राण्यांशी लढणारी ती नटी आठवते. पुढे विनोना रायडर येते, जिला व्हँपायरच्या सिनेमात ब्रिटिश उच्चार जमले नव्हते. त्याला शेपूट असं, की त्या दुसऱ्यालाही जमले नव्हते. इतक्या केविलवाण्या गाण्यात ही कुचकट पुस्ती! आणि तिच्यामुळेच गाणं खरं वाटतं. एकटी पडलेली पोरं सिनेमेच बघत बसतात.

दुसरं उदाहरण 'ग्लेशियर', २०१३ च्या 'पेल ग्रीन घोस्ट्स' अल्बममधलं शेवटचं गाणं. दुसऱ्यांच्या तिरस्कारानं पोळलेल्या कुणाला तरी तो समजावतोय. तुझी वेदना हिमनदीसारखी तुझ्यातून सरकतेय, दऱ्या कोरतेय, देखणे प्रदेश घडवतेय, जमिनीत मौल्यवान खनिजं सोडतेय. इथवर एखाद्या बऱ्या कवीला सुचेल. ग्रँट खनिजांनंतर सहज जोडतो की 'आणि इतरही काहीबाही'. हे 'काहीबाही' नसतं तर ते गाणं कुठल्यातरी दिलासा देणाऱ्या पोस्टरवर शोभलं असतं. इतकं मोठं रूपक उभारून त्यालाच संकोच वाटतो आणि तो मान खाली घालतो. त्यानंतर शब्द संपतात आणि पियानो कितीतरी वेळ एकटा वाहत राहतो.

कुणी ऐकत असेल तर बोला. नसेल तर मी एकटाच अधूनमधून येऊन धागा वर काढत जाईन.

तबकडी

आहे, आहे! पॉपकॉर्न नको, हेडफोन आणा.

'क्वीन ऑफ डेन्मार्क'बद्दल सहमत. पण माझ्या मते खरा मोठा अल्बम 'पेल ग्रीन घोस्ट्स'च. पहिल्या अल्बमच्या यशानंतर कुठल्याही शहाण्या माणसानं पुन्हा मिडलेककडे जाऊन तसाच दुसरा केला असता. हा आइसलँडला गेला, तिथल्या 'गसगस' या इलेक्ट्रॉनिक बँडच्या बिग्गी वेराबरोबर बसला आणि रेकविकमध्येच घर केलं. बासरीच्या जागी सिंथेसायझर आले. ज्यांना पहिल्या अल्बमची ऊब हवी होती ते पुष्कळजण नाराज झाले.

मला वाटतं त्याच्या आवाजाला हाच शेजार हवा होता. मिडलेकच्या साथीत आवाज आणि वाद्यं दोन्ही उबदार, त्यामुळे कधीकधी गोडाचा अतिरेक होतो. इथे खालून यंत्र थंडपणे, जराही न डगमगता ठोके देतंय आणि वर हा माणूस मोडून पडतोय. शीर्षकगीत ऐका. ती 'फिकट हिरवी भुतं' म्हणजे कोलोरॅडोत हमरस्त्याच्या कडेनं लावलेली रशियन ऑलिव्हची झाडं, रात्री गाडीच्या दिव्यात चमकणारी. ऐंशीच्या दशकात त्याच रस्त्यानं तो शहरातल्या नाचाच्या क्लबांकडे जायचा. आणि शेवटाकडे सिंथेसायझरच्या गर्दीतून राखमानिनोव्ह या रशियन संगीतकाराचा सी शार्प मायनर प्रील्यूड (पियानोची छोटी रचना) वर येतो. पियानो शिकलेल्याला ते तीन सुर लगेच ओळखू येतात. लहानपणी पियानोच्या क्लासात घोटून घेतलेली गोष्ट डिस्कोत भेटावी, असं काहीतरी वाटतं.

याच अल्बममध्ये आयरिश गायिका शिनेड ओ'कॉनर मागे गायलीय. तिनं त्याआधी २०१२ च्या आपल्या अल्बममध्ये 'क्वीन ऑफ डेन्मार्क' हे गाणंही गायलं होतं. तिचं ऐकलं की यात किती राग भरलाय ते कळतं. ग्रँट तो राग सायीखाली झाकून देतो, ती साय काढून टाकते.

वाचनमात्र

वाचतोय. लिहीत राहा.

खडूस_काकू

धागा वाचून यूट्यूबवर ऐकलं. आवाज सुरेख. पण अहो, किती शिव्या! 'जीएमएफ' या गाण्याच्या नावाचं पूर्ण रूप काय असं नातवाला विचारलं तर तो पाणी प्यायला म्हणून उठून गेला. शेवटी मीच शोधलं. इतक्या सुंदर चालीत शिवी घालायची गरज काय, हे मला कुणी समजावून सांगेल का? वाद घालायचा म्हणून विचारत नाहीये.

कातरवेळ

काकू, स्वागत! तुम्ही इथे याल असं वाटलं नव्हतं.

'जीएमएफ'मध्ये तो म्हणतो की माझ्याइतका भारी हरामखोर तुम्हाला आयुष्यात भेटणार नाही. (सौम्य करून सांगतोय, नातवाची लाज राखायला.) आता हे वाक्य कुणाच्या तोंडी आहे ते बघा. ज्याला प्रियकर सोडून गेलाय, जो उठता-बसता स्वतःचा तिरस्कार करतो, बिछान्यातून उठणंही ज्याला जड जातं, तो हे म्हणतोय. सभ्य शब्दात म्हटलं असतं तर ती आत्मप्रौढी झाली असती. शिवीमुळे ते पोकळ असल्याचं ऐकू येतं. शाळेत मार खाल्लेला मुलगा घरी येऊन आरशासमोर दम देतो ना, ती भाषा आहे ही.

आणि एक आहे, ज्या माणसानं लहानपणापासून स्वतःबद्दल शिव्याच ऐकल्या त्यानं त्या परत फेकल्या तर त्याला आवाज जरा खाली ठेव म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या पहिल्या अल्बममध्ये एक गाणं आहे ज्याच्या शीर्षकातच समलिंगी माणसांसाठीची शिवी आहे आणि शिवीशेजारी येशूचं नाव. धर्मोपदेशकांनी त्याला ऐकवलेलं सगळं तो त्यांच्याच सुरात म्हणून दाखवतो.

खडूस_काकू

पटलं. निम्मं.

चौथी सीट

मी जरा काडी टाकतो.

ग्रँट मलाही आवडतो, 'टीसी अँड हनीबेअर' तर पाठ आहे. पण हे 'दुःखी गे कलाकार' प्रकरण मला खटकतं. सिनेमात बघा, गे पात्र शेवटी मरतं, नाहीतर विमानतळावर एकटं उभं असतं. गाण्यात बघा, टाळ्या मिळतात त्या अश्रूंना. ज्यांचा आमच्याशी काही संबंध नाही अशा लोकांनाही हे दुःख फार आवडतं, कारण त्यात त्यांना दया दाखवायला मिळते. एखादा गे गायक आनंदानं नाचतोय, प्रेमात पडलाय, बाजारातून भाजी आणतोय, यावर असा धागा कुणी काढलाय का? कातरवेळ, राग मानू नका, पण तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये त्याच्या हालअपेष्टांची यादी आधी आणि गाणी नंतर आली. हीच आमची अडचण आहे.

अबोली

+१. अगदी हेच लिहायला आले होते.

कातरवेळ

चौथी सीट, राग कशाचा? प्रश्न रास्त आहे. मीही गे आहे, आणि बरीच वर्षं दुःखी गाण्यांपासून लांब राहिलो ते याच कारणानं. 'तुमचं आयुष्य असंच असणार' हे आधीच पुष्कळांनी सांगितलेलं असतं, त्यात गायकाची भर कशाला?

तरी ग्रँट मला त्या रांगेत बसवता येत नाही. 'पेल ग्रीन घोस्ट्स'मधली बरीचशी गाणी एकाच सोडून गेलेल्या प्रियकराबद्दल आहेत. 'इट डझन्ट मॅटर टू हिम' घ्या. आता लोक माझ्या गाण्याला दाद देतात, मी पूर्वीपेक्षा बरा झालोय, पण त्याला त्याचं काहीच नाही, एवढाच त्याचा आशय. यात गे असल्याचं दुःख कुठंय? प्रेमभंग आहे, तोही चिवट, लाजिरवाणा, मित्रांनी 'आता पुरे' म्हणून दोन वेळा सांगून झालेला. हे असलं दुःख करायची मुभा आजवर सगळ्या गायकांना होती. आमच्यातल्या गायकानं प्रियकराला उद्देशून, आडपडदा न ठेवता, तसंच कंटाळवाणं होईपर्यंत रडावं यात मला बरोबरीचा हक्क दिसतो. ज्याला दया दाखवायची तो दाखवेल. 'ब्लॅक बेल्ट' ऐकल्यावर दाखवता येते का बघा म्हणावं. त्यात प्रियकराला इतकं लागेल असं बोललाय की दया त्या प्रियकराचीच येते.

आणि तो स्वतःला सोडत नाही. भेकडपणा, आळस, मत्सर, सगळं टेबलावर. बिचारेपणा मिरवणारा माणूस आपल्या बाजूचा पुरावा आधी मांडतो. हा स्वतःविरुद्धचा मांडतो.

चौथी सीट

'कंटाळवाणं होईपर्यंत रडण्याचा समान हक्क' हे आवडलं, पुढच्या प्राइडला फलकावर लिहीन. पण माझा मुद्दा कायम आहे. २०१५ च्या अल्बममध्ये ट्रेसी थॉर्न या गायिकेबरोबर 'डिसअपॉइंटिंग' आहे, चक्क आनंदी प्रेमगीत, ठेका असा की बसवत नाही. जगातली सगळी सुंदर ठिकाणं, सगळे थोर कलावंत तुझ्यापुढे फिके, असं प्रियकराला सांगणारं. त्याचं नाव कुणी घेत नाही. 'ग्लेशियर' मात्र सगळ्यांना पाठ.

तबकडी

'डिसअपॉइंटिंग'मध्ये त्यानं रशियन संगीतकारांची नावं ओवलीत, प्रोकोफिएव्ह, राखमानिनोव्ह वगैरे. प्रेमात पडल्यावरसुद्धा रशियन सुटत नाही. :)

मिरजेची तार

पाश्चात्त्य संगीतातलं मला कळत नाही, तरी धाग्यामुळे 'ग्लेशियर' आणि 'केअरामेल' ऐकली (उच्चार बरोबर ना?). ऐकताना ग्रेस आठवले. संध्याकाळ, आई, उदासी, आणि चाल जणू शब्दांच्या आधीच माहीत असल्यासारखी. हृदयनाथांनी 'भय इथले संपत नाही'ला चाल दिली तेव्हा शब्द न कळताही लोक हेलावले, तसंच काहीसं इथे माझं झालं.

एक फरक जाणवला. आपल्या भावगीतात कवी एक, संगीतकार दुसरा, गाणारा तिसरा. दुःख तीन हातांतून जातं तेव्हा त्याचे काठ घासून गुळगुळीत होतात आणि ते कुणाचंही होऊ शकतं. इथे एकाच माणसाचं सगळं. ऐकताना मला जरा चोरून कुणाची डायरी वाचल्यासारखं अवघडलेपण आलं. हा दोष म्हणत नाही.

कातरवेळ

तार, उच्चार साधारण 'कॅरमेल'. आणि निवड फार चांगली केलीत. ते गाणं निव्वळ प्रेमाचं आहे, चौथी सीट यांनी नोंद घ्यावी.

ग्रेसांशी मी मात्र जोडणार नाही. ग्रेस दुःखाभोवती धुकं घालतात, त्यांच्या कवितेत आत शिरायला वाट शोधावी लागते आणि ती सापडली नाही तरी चालतं. ग्रँट पत्ता, गल्ली, दुकानाचं नाव सगळं सांगून टाकतो. 'मार्झ' हे गाणं त्याच्या लहानपणीच्या गावातल्या मिठाईच्या दुकानावर आहे आणि त्यातला मोठा भाग म्हणजे तिथे मिळणाऱ्या सरबतांची, आइस्क्रीमची नावं. नुसतं मेन्यूकार्ड! तरी त्या गाण्यात हरवलेपण इतकं दाटलंय की अँड्र्यू हेग या दिग्दर्शकानं २०११ च्या 'वीकेंड' या सिनेमात ते वापरलं. दोन पुरुषांची दोन दिवसांची ओळख, इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम, आणि शेवटी हे गाणं. मी ग्रँटपर्यंत पोचलो तो त्या सिनेमातूनच.

अवघडलेपणाबद्दल मात्र शंभर टक्के. ते त्यालाही अपेक्षित असावं.

अबोली

मघाशी +१ देऊन गेले होते, आता जरा सविस्तर.

'ग्लेशियर' सगळ्यांना का पाठ, याचं माझ्यापुरतं कारण वेगळं आहे. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ परत जिवंत केलं. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं दिलेला दिलासा चार वर्षांत गेला. त्या संध्याकाळी आमच्या गटात फोनवर फोन चालले होते, वकील काय म्हणाले, पुनर्विचार याचिका होईल का, मोर्चा कुठून काढायचा. एका मित्रानं काहीही न लिहिता फक्त या गाण्याची लिंक पाठवली. अल्बम त्याच वर्षी आला होता. गाण्यात ग्रँट स्पष्टच म्हणतो की काही लोक तुझं जगणं हा चर्चेचा विषय समजतात, तू त्यांचं ऐकून घ्यायला बांधील नाहीस. निकालपत्रात आम्हाला 'अत्यल्प' म्हटलं होतं, त्या दिवशी हे ऐकणं म्हणजे काय ते सांगता येत नाही.

६ सप्टेंबर २०१८ ला निकाल फिरला तेव्हा कुणालाही हे गाणं आठवलं नाही. ढोल होते, पेढे होते, चौथी सीट म्हणतात तसं नाचणं होतं. दुःखाची गाणी त्यांच्या कामापुरती येतात आणि काम झालं की मुकाट बाजूला होतात, त्यात काही बिघडत नाही असं मला वाटतं. म्हणून तुम्हा दोघांचं भांडण मला फारसं खरं वाटत नाही. :)

चौथी सीट

माझं भांडण खरंच होतं! पण त्या संध्याकाळी मीही कुठेतरी तसाच फोन धरून बसलो होतो, त्यामुळे आता गप्प.

एआरटीवाली

मी सरकारी एआरटी केंद्रावर (एचआयव्हीवरची औषधं मिळतात तिथे) समुपदेशक आहे. या धाग्यावर एचआयव्हीचा उल्लेख अजून कुणी केला नाही म्हणून लिहिते.

२०१२ मध्ये लंडनच्या साउथबँक सेंटरमधल्या 'मेल्टडाउन' महोत्सवात हा 'हर्क्युलीस अँड लव्ह अफेअर' या बँडबरोबर गात होता. तिथेच रंगमंचावर, गाण्याआधी बोलता बोलता, आपण एचआयव्हीबाधित असल्याचं त्यानं सांगून टाकलं. मुलाखत नाही, निवेदन नाही. मग 'अर्नेस्ट बोर्गनाइन' या गाण्यात तो विषय आणला. माझ्यासमोर रोज नवीन निदान झालेली माणसं बसतात. पहिला प्रश्न बहुतेकदा औषधाचा नसतो. घरी कसं सांगू, हा असतो. त्या गाण्यात बापाच्या तोंडचा टोमणा आहे, तुझ्यासारख्याचं दुसरं काय होणार होतं अशा अर्थाचा. तो ऐकून मला आमच्या केंद्राबाहेरचा बाक आठवला. ते वाक्य तिथे मी मराठीत ऐकलंय, तेही अनेकदा.

गाण्यात तो रडत नाही हे विशेष. जुन्या सिनेमातला तो जाडजूड नट, अर्नेस्ट बोर्गनाइन, अशा वेळी काय करेल याचा विचार करतो. धक्का बसलेलं माणूस असंच काहीतरी भलतं बोलतं. एकानं निदान ऐकल्यावर मला विचारलं होतं की बाहेर लावलेल्या गाडीचं पार्किंग किती वेळ चालतं.

जाता जाता, वाचणाऱ्यांपैकी कुणाला उपयोगी पडेल म्हणून. उपचार नियमित चालू असतील आणि विषाणूंची संख्या तपासणीत सापडणार नाही इतकी खाली टिकून राहिली, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे सिद्ध झालेलं आहे. औषधं सरकारी केंद्रावर मोफत मिळतात. घाबरून घरी बसू नका.

वाचनमात्र

हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवा कुणीतरी. वाचनखूण साठवली.

दूरदेशी

इंग्लंडमध्ये राहते, इथे त्याचे कार्यक्रम ऐकलेत. त्याला अमेरिकेपेक्षा इथेच जास्त लोक ओळखतात. २०१४ च्या ब्रिट पुरस्कारांत आंतरराष्ट्रीय गायकांत त्याचं नामांकन होतं, आणि त्याच वर्षी बीबीसी फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाबरोबरचा अल्बम आला.

प्रत्यक्षात माणूस धिप्पाड, दाढीवाला, दोन गाण्यांच्या मध्ये भरपूर बोलणारा. मायकेल जॅक्सनपासून कुत्र्यांपर्यंत काहीही. लोक खदखदून हसत असतात आणि त्याच हशात तो पियानोवर बसतो. पहिल्या ओळीला सभागृहाचा श्वास अडकतो. माझ्या ओळीत एक जाडजूड, गोंदवलेल्या हातांचे आजोबा होते, फुटबॉलच्या स्टँडमध्ये शोभतील असे. ते 'जीएमएफ' त्या शिवीसकट, डोळे मिटून, आरतीसारखं म्हणत होते. काकू, तुम्ही असायला हव्या होतात.

त्याच्या भाषांच्या नादाबद्दल एक राहिलं. आइसलँडचा तरुण गायक आउसगेर याचा पहिला अल्बम तिथे प्रचंड गाजला होता. त्याची इंग्रजी आवृत्ती 'इन द सायलेन्स' ग्रँटनं करून दिली. मूळ शब्द बरेचसे आउसगेरच्या वडिलांच्या कवितांचे. स्वतःच्या वडिलांशी ज्याचं कधी धड जमलं नाही त्यानं दुसऱ्या कुणाच्या वडिलांच्या कविता भाषांतरित करत बसावं, हे मला त्याच्या कुठल्याही गाण्याइतकंच लक्षात राहिलंय.

तबकडी

दूरदेशी, हे माहीत नव्हतं. जबरदस्त.

वडिलांचा विषय निघालाय तर २०२४ चा 'द आर्ट ऑफ द लाय' ऐकलाय का कुणी? 'फादर' नावाचं गाणं आहे त्यात. आवाजावर यंत्राचा इतका मुलामा चढवलाय की जणू काचेपलीकडून बोलतोय, आणि ती काच मुद्दाम ठेवल्यासारखी वाटते. तो अल्बम मला त्याआधीच्या 'बॉय फ्रॉम मिशिगन'पेक्षा (२०२१, निर्मिती केट ल बॉन) बांधीव वाटला. 'बॉय फ्रॉम मिशिगन'ची सुरुवातीची बालपणाची गाणी अप्रतिम, पण ट्रम्पवरचं लांबलचक गाणं मी दर वेळी पुढे ढकलतो.

कातरवेळ

ट्रम्पवरच्या गाण्याबद्दल असहमत, पण त्यासाठी वेगळा धागा लागेल आणि तो राजकारण विभागात जाऊन कुलूपबंद होईल.

अलीकडच्या अल्बमांत गाणी लांबत चाललीत हे खरं. आधी चार मिनिटांत जे भोसकायचा त्याला आता सात लागतात. संपादन करणारं कुणीतरी शेजारी हवं. 'लव्ह इज मॅजिक' (२०१८) तर मला अर्धाच आवडतो.

वाचनमात्र

पहिल्यांदाच काही विचारतोय. मला सुरुवात कुठून करू ते सांगाल का? अल्बम पूर्ण ऐकायची सवय नाही, आणि अगदी उदास गाण्यांनी रात्री झोप लागत नाही.

कातरवेळ

रात्री नकोच मग. सकाळी, प्रवासात, 'मार्झ' आणि 'कॅरमेल'. आवडलं तर 'व्हेअर ड्रीम्स गो टू डाय', नावावर जाऊ नका, चाल मखमली आहे. मग थोडं नाचायला 'डिसअपॉइंटिंग', नाहीतर चौथी सीट माझ्या नावानं खडे फोडतील. 'ग्लेशियर' शेवटी, आणि ते बीबीसी फिलहार्मोनिकबरोबरचं ऐका. 'क्वीन ऑफ डेन्मार्क' हे गाणं कुणाशी नुकतंच भांडण झालं असेल त्या दिवशीसाठी राखून ठेवा.

तबकडी

आणि झार्सचं 'ड्रग'. तेव्हाच सगळं त्याच्या गळ्यात तयार होतं, फक्त ऐकणारं कुणी नव्हतं.

खडूस_काकू

आज दुपारी 'मार्झ' शब्द समोर ठेवून ऐकलं. गाणं सुरेख आहे, शिवी एकही नाही. पण ते ग्रीन रिव्हर म्हणजे काय हो? आणि फॉस्फेट? ते तर आमचे हे शेतात टाकायचे.

दूरदेशी

काकू :D ग्रीन रिव्हर म्हणजे लिंबाच्या चवीचं हिरवंगार सोड्याचं पेय, शिकागोकडे फार जुनं. फॉस्फेट हाही सोड्याचाच प्रकार, त्यात आंबटपणासाठी थोडं फॉस्फोरिक आम्ल घालायचे. पूर्वी तिकडे औषधांच्या दुकानात काउंटरवर मिळायचं.

खडूस_काकू

म्हणजे आमचा गोटी सोडा. मग ठीक आहे. आता 'चिकन बोन्स' लावते. नातू म्हणतो त्यात काही वाईट नाही, पण त्याचं तोंड बघून विश्वास बसत नाही.